खाली घेतलेली माणसं

ओतूरहून ब्राह्मणवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर डाव्या हाताला कांद्याच्या चाळी लागतात आणि चाळींच्या मागं ती दोन मजली इमारत. पाटीवर मोठ्या निळ्या अक्षरांत ‘ज्येष्ठ निवास’ लिहिलंय. पण एसटीच्या कंडक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला आश्रमच म्हणतात आणि ट्रस्टच्या लोकांना त्याचा भारी राग येतो. आत तीस-बत्तीस म्हातारी माणसं. सकाळी सातला चहा, नऊला नाश्ता, साडेदहाला पुन्हा चहा, साडेबाराला जेवण. मधल्या वेळात कुणी व्हरांड्यात उन्हाला बसतं, कुणी टीव्हीवरच्या हिंदी मालिकेतल्या सुनेला शिव्या घालतं. आणि अधूनमधून कुणीतरी पडतं.

पडणं ही तिथली रोजचीच बाब. म्हातारपणी पाय साथ देत नाहीत, गोळ्यांनी गरगरतं, बाथरूममध्ये पाणी सांडलेलं असतं. त्यात नवल काही नाही. नवल होतं ते लंकाबाईचं.

लंकाबाई तिथं नऊ वर्षं कामाला. बाई भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरातली, भाताच्या खाचरात आणि नाचणीच्या वावरात वाढलेली. शाळा सातवीपर्यंत. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दीर घरात धरीनात, तेव्हा इथं आली. पण माणूस पडला की काय करायचं हे तिच्याइतकं अख्ख्या तालुक्यात कुणाला ठाऊक नसेल. धप्पकन आवाज आला की कामावर नवीन आलेली बाई धावत सुटते, काखेत हात घालते आणि ओढून उभं करते. झालं! आधी नुसतं खरचटलेलं असतं, ओढल्यावर खुबा जातो. लंकाबाई कधी धावायची नाही. ती चालत जायची आणि पडलेल्या माणसाच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसायची. “मी आलेय. आजाबात हालू नका. कुठं ठणकतंय?” मग नाव विचारायची, वार विचारायची, सकाळी काय खाल्लं ते विचारायची. दोन्ही पाय सारख्या लांबीचे आहेत का, पंजा बाहेर वळलाय का, ते नजरेनंच बघायची. मग सिस्टरला हाक, मग खाली चादर सरकवायची आणि दोघी-तिघींनी मिळून उचलायचं. शेवटी पडल्याची वही काढून त्यात लिहायचं: कोण, कुठं, किती वाजता, कशानं.

आरती सिस्टर तिला सगळ्यांसमोर म्हणायची, “मावशी, तुम्ही शेजारी बसलात ना, की निम्मं दुखणं तिथंच उतरतं.” लंकाबाई वरवर नाही नाही म्हणायची, पण तिला बरं वाटायचं. का वाटू नये?

तिची आई साळुबाई तिथंच खालच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर होती. डावी बाजू लुळी पडल्यावर तीन वर्षांपूर्वी लंकाबाईनं तिला आणलं. ट्रस्टनं लंकाबाईच्या कामाकडं बघून जागा दिली. धाकटा भाऊ दादाभाऊ चाकणला कंपनीत. त्यानं तेव्हा या खोलीत उभं राहून आईचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, “गावच्या घरी संडास-बाथरूम बांधतो, कमोड बसवतो. झालं की तुला घेऊन जातो. आपल्याच घरात राहायचं, आये.” मग माघात नेतो म्हणाला. शिमग्याला नेतो म्हणाला. पाऊस उघडला की नेतो म्हणाला. साळुबाई येईल त्याला सांगायची, “माझा दादा येनार हाय मला न्यायला.” लंकाबाई तिची कूस बदलायची, पाठ पुसायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. आई एकदा तरी गावच्या घरात झोपावी, समोर आपला डोंगर दिसावा आणि तिथंच तिचं काय ते व्हावं, एवढीच एक गोष्ट लंकाबाईला जिवाभावानं हवी होती.

कार्तिकातली गोष्ट. बुधवार होता. साडेदहाचा चहा घेऊन लंकाबाई धर्माजीबाबांच्या खोलीत गेली. बाबा निमगाव सावाचे, घरची चांगली बागायत, माणूस सहा फूट उंच आणि अंगानं अजून थोराड. ते फरशीवर होते.

आवाज आला नव्हता. एवढा मोठा देह पडला तर वरच्या मजल्यावर ऐकू जायला हवं. लंकाबाईनं ट्रे टेबलावर ठेवला आणि शेजारी बसली. बसल्यावर तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. पडलेला माणूस वाकडातिकडा असतो, एक हात अंगाखाली, पाय मुडपलेला. बाबा सरळ उताणे होते. डोक्याखाली त्यांचंच उपरणं, चौपदरी घडी करून. पाय दक्षिणेला. पलंगाचे दोन्ही कठडे वर होते आणि त्यांच्या खिट्ट्या लागलेल्या. ओठ ओले होते, एक थेंब हनुवटीवरून गळ्याकडं गेला होता. आणि त्या टाइल्सच्या, फिनेलनं पुसलेल्या खोलीत नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा वास येत होता.

“बाबा, कसं काय पडलात?”

“पडतोय कशाला?” बाबा शांतपणे म्हणाले. “सावळेरामनं खाली घेतलं.”

सावळेराम म्हणजे त्यांचा थोरला.

“सावळेरामभाऊ आलं व्हतं?”

“आत्ता तर गेला. काखेत हात घातला आन् हळूच घेतलं. लई हळू.” बाबांचे डोळे भरून आले. “एवढं हळू त्यानं मला कधी धरलं नव्हतं गं.”

आरती सिस्टरनं बीपी बघितलं, शुगर बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. अंगावर एक ओरखडा नव्हता. सावळेरामला फोन लावला तर तो मंचरच्या बाजार समितीत, मागं लिलावाचा गलका. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यात नऊपासून खोलीत कुणी शिरलेलं दिसत नव्हतं. “भास होतात या वयात,” सिस्टर म्हणाली आणि वहीत लिहायला सांगितलं: पलंगावरून पडले. लंकाबाईनं लिहिलं खरं, पण ‘पडले’ हा शब्द लिहिताना तिचा हात अडला.

तिच्या डोंगरात काय आणि खाली निमगाव सावाला काय, माणसाचं शेवटचं आलं की त्याला बाजेवरून खाली भुईवर घेतात. अंथरुणावर जीव जाऊ नये म्हणून. जागा सारवायची, उशाला घडी ठेवायची, तोंडात पाण्याचे दोन थेंब घालायचे. आणि हे परक्यानं करायचं काम नाही. घरचंच माणूस लागतं. एकदा खाली घेतलं की परत वर घेत नाहीत.

पण आश्रमाचा नियम आश्रमाचा. बाबांना दोघी-तिघींनी चादरीनं उचलून पलंगावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते पुन्हा फरशीवर, तसेच सरळ, तसेच कठडे वर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सिस्टरनं दाराशी एक बाई बसवून ठेवली. ती बाई शपथेवर सांगत होती की ती जागची हलली नाही, फक्त एकदा मोबाइलकडं बघितलं. बाबांनी खाणं सोडलं. सहाव्या दिवशी गेले, ते फरशीवरच.

सावळेराम बॉडी न्यायला आला. रडत नव्हता. कागदांवर सह्या केल्या, मग लंकाबाईला एका बाजूला घेऊन उगाचच बोलायला लागला. “मावशी, मी काय वाईट पोरगा नव्हतो. तुमीच सांगा. दर महिन्याला यायचो का न्हाई?”

“यायचा की भाऊ.”

“त्या बुधवारी डोकं फिरलं व्हतं. मालाला भाव न्हाई, घरात कटकट. उभ्या उभ्या मनात आलं, आता तात्यांचं झालेलं बरं. नुसतं मनात हां. बोललो बी न्हाई कुनाला.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “एवढ्यानं काय व्हतंय?”

लंकाबाईनं वेळ विचारली नाही. विचारायची तिची छातीच झाली नाही.

पंधरा दिवसांनी चिमाबाई. या ओतूरच्याच, बाजारपेठेत नवऱ्याचं दुकान होतं. मुलगा-सून अपघातात गेल्यावर त्यांनी नात सांभाळली. तेजस्विनी तिचं नाव, आता हडपसरला शाळेत शिक्षिका. चिमाबाई तिच्यासाठी जीव टाकायच्या, तिचा फोन आला की आधी केस नीट करायच्या. त्या सकाळी त्या फरशीवर होत्या. सरळ. उशाला घडी, ओठ ओले, पाय दक्षिणेला. आणि तो वास.

“तेजूनं घेतलं खाली,” त्या म्हणाल्या. बोलताना लंकाबाईकडं बघत नव्हत्या, भिंतीकडं बघत होत्या. “लहानपनी मी तिला जशी पाळन्यात ठेवायची ना, तशी ठेवली मला. मग गेली.”

लंकाबाईला भयंकर संताप आला. ज्या माणसासाठी म्हातारी केस विंचरून बसते, त्यानंच तिला मनातून टाकून द्यावं? हा दगाच की! अंगावर वळ उठत नाही, पोलिसात जाता येत नाही, म्हणून काय तो दगा नाही? दुपारी ऑफिसातून नंबर घेऊन तिनं स्वतः तेजस्विनीला फोन लावला.

“ताई, राग मानू नका. मी आश्रमातली मावशी बोलतेय. आज सकाळच्याला साडेनऊच्या टायमाला आजीबद्दल काय मनात आलं व्हतं का तुमच्या?”

पलीकडं शाळेतल्या पोरांचा कालवा चालू होता. दार लोटल्याचा आवाज आला, कालवा मागं पडला. मग तेजस्विनी अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं?”

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. चिमाबाई पुन्हा खाली होत्या. लंकाबाईनं चादर पुढं केली, तर पोरीनं ती बाजूला सारली आणि गुडघ्यावर बसून आजीच्या काखेत हात घातले. एकटीनं उचललं. रडत होती आणि तोंडानं एकसारखं “नाही गं आज्जी, नाही, नाही” म्हणत होती. त्या दिवसापासून चिमाबाई एकदाही खाली आल्या नाहीत. आता जेवतात, आमटीला मीठ नाही म्हणून भांडतात.

लंकाबाईनं हे सगळं एका दुपारी आरती सिस्टरला सांगितलं. सिस्टर हसली, पण ते हसू गालावरच राहिलं.

“मावशी, अहो घरचे सगळेच असं म्हणतात. देवानं सोडवावं, हाल नकोत. रोज फोनवर ऐकते मी. मग सगळेच खाली यायला हवेत.”

“म्हननं निराळं असतंय ताई, आन् सोडनं निराळं. म्हनतात समदी. सोडतं एखादंच.”

“हे दुसऱ्या कुणाला बोलू नका,” सिस्टर म्हणाली आणि गोळ्यांचे डबे लावायला लागली. एक डबा तिनं दोनदा भरला, दोनदा रिकामा केला.

त्यानंतर लंकाबाईचं एक सुरू झालं. ती दादाभाऊवर डोळा ठेवायला लागली. डोळा म्हणजे फोन. रोज संध्याकाळी करायची. “आयेला इसरला न्हाईस ना?” दादाभाऊ आधी हसायचा, मग वैतागायला लागला. “आक्का, काय लावलंयस हे रोजरोज?” आणि मग मार्गशीर्षाचा पहिला आठवडा सरला तसा त्याचा फोनच लागेनासा झाला. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मेसेजलाही उत्तर नाही.

साळुबाई विचारायची, “दादाचा फोन आला?”

“आला व्हता. गडबडीत हाय म्हनला.”

“माझा दादा येनार हाय.” आणि वर लंकाबाईला म्हणायची, “तू नीट कूस बदलत न्हाईस. दादा बघ कसा हळू धरतो.” दादा! वर्षातून चारदा येतो, केळी घेऊन येतो, तो हळू धरतो. लंकाबाई दर अर्ध्या तासानं आईच्या खोलीत डोकावून जायची. आई पलंगावर असायची. बाई, अजून तरी त्यानं सोडलेलं नाही, असं म्हणून लंकाबाई पुढच्या खोलीत जायची.

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. स्वच्छ ऊन पडलं होतं, मागच्या वावरात कांद्याची लागण चालू होती, बायकांच्या बोलण्याचा आवाज भिंतीवरून येत होता. लंकाबाईनं सकाळपासून आईच्या तीन चादरी बदलल्या होत्या. त्या धुऊन, वाळत घालून, रिकामी बादली घेऊन ती अकराच्या सुमारास आत आली. व्हरांड्याच्या अर्ध्यावर तिला वास आला.

सारवल्याचा.

नऊ वर्षांत पहिल्यांदा लंकाबाई धावली.

साळुबाई फरशीवर होती. सरळ, उताणी. लुळा हात नीट उचलून पोटावर ठेवलेला. डोक्याखाली लंकाबाईनंच शिवलेली गोधडी, घडी घालून. ओठ ओले.

लंकाबाई शेजारी बसली. कुठं ठणकतंय हे तिनं विचारलं नाही. कुणी घेतलं हेही विचारलं नाही, कारण उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते आईच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती. तीन वर्षं पोराची वाट बघणाऱ्या बाईनं तेच सांगायचं, की त्यानंच मला खाली ठेवलं? तिनं फोन काढला. बोटं ओली होती, नंबर दोनदा चुकला.

दादाभाऊनं पहिल्याच रिंगला उचलला.

“सोडलंस ना तिला?” लंकाबाई ओरडली. “आये हाय ती तुझी! तुझं नाव घेतल्याबिगर घास गिळत न्हाई ती. एवढीच व्हती का रं तुझी माया? नव्हतं न्यायचं तर न्हाई म्हनायचं. सोडून कशाला दिलीस?”

“आक्का, आक्का! थांब. काय बोलतीस?”

“तुला म्हाईत हाय मी काय बोलते!”

“आगं मी तिला न्यायला निघालोय. गाडीत हाय. आळेफाटा सोडला आत्ता.”

लंकाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाथरूम झालं आक्का. आठ दिस गावालाच व्हतो, सोता उभं ऱ्हाऊन करून घेतलं. आपल्या डोंगरात रेंज कुठली? कमोड बसवला. धरायला दांडी लावली. मुद्दाम सांगितलं न्हाई. दर येळी सांगतो आन् दर येळी खोटा पडतो, म्हनून.” त्यानं हॉर्न मारला. “मागल्या सीटवर गादी टाकलीय. अर्ध्या तासात पोचतो. आयेला सांग.”

फोन बंद झाला. लंकाबाईला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. आई घरी जाणार होती! दादानं सोडलं नव्हतं. भावाला आपण नाही नाही ते बोललो याची तिला लाज वाटली. पदरानं तोंड पुसता पुसता तिनं आईकडं बघितलं.

आई फरशीवरच होती.

मावळतीकडच्या खिडकीतून मजूर बायकांचं हसणं आलं आणि थांबलं.

“आये,” लंकाबाई म्हणाली. “तुला खाली कुनी घेतलं?”

साळुबाईनं मान वळवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“असं काय इचारतीस, लंके? तूच की.”

लंकाबाईनं स्वतःच्या हातांकडं बघितलं.

तिसरी चादर. नळाखाली पाय दुमडून ती चादर घासत होती तेव्हाची गोष्ट. साबणानं हातांना भेगा पडलेल्या. आत आईनं तिला विचारलं होतं, दादा कधी येनार, आणि वर म्हणाली होती, तुझे हात खरखरीत लागतात. लंकाबाईनं चादर गोळा केली होती. बाहेर येऊन नळ सोडला. आणि पाणी भरेपर्यंत बादलीकडं बघताना तिच्या मनात आलं होतं, आता बास. हिचं होऊन जाऊ दे. मला जाऊ दे.

एवढंच. बादली भरायला लागतो तेवढाच वेळ. पण त्या तेवढ्या वेळात तिला इतकं हलकं वाटलं होतं की बादली भरून वाहायला लागली तरी ती तशीच बसून राहिली होती.

“हात घातलास काखेत,” साळुबाई सांगत होती. “लई हळू. हात बी खरखरीत न्हाई लागले आज. मग पानी पाजलंस. दमली असशील गं, लंके.”

“मी न्हाई आये. मी भाईर व्हते.”

“तूच.”

लंकाबाई गुडघ्यांवर आली. तेजस्विनीनं केलं तसं. ज्यानं खाली घेतलं त्यानंच वर घ्यायचं, बस. आईच्या काखेत हात घातले, पाठीमागं बोटांत बोटं अडकवली, आणि उचललं.

आई हलली नाही.

छत्तीस किलोची म्हातारी. तिला ती रोज दहादा उचलायची, एका हातानं चादर ओढत. पुन्हा जोर केला. आई जड झाली नव्हती. लंकाबाईच्याच हातांत काही नव्हतं. बोटं वळत होती, दंड ताणत होते, पण उचलणारं जे काय असतं आतलं, ते तिथं नव्हतं.

आरती सिस्टर चादर घेऊन धावत आली. “मावशी, सरका. दोघी उचलू.”

“दोघींनी उचलून काय व्हतंय ताई? बाबांना तीनदा उचललं आपुन.”

“अहो पण—”

“मलाच उचलायचीय. मला उचलू द्या!”

“नाही गं आये,” ती म्हणायला लागली, “न्हाई, न्हाई सोडलं तुला, खरंच न्हाई.” शब्द तेच होते. पण तिला स्वतःलाच ऐकू येत होतं की ते पोकळ आहेत, कुणीतरी शिकवल्यासारखे. साळुबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं चांगल्या हातानं लंकाबाईच्या मनगटावर थोपटलं, पाहुणीला निरोप देताना थोपटतात तसं.

अर्धा तास असाच जोर करण्यात गेला. मग बाहेर गाडी थांबली. दार आपटल्याचा आवाज. भराभर पावलं.

“आये! चल, उठ, घरी जायचं!”

दादाभाऊ दारात आला. काखेत नवी कोरी उशी, कपाळावर घाम, तोंडभर हसू. त्यानं आईला फरशीवर बघितलं. मग आईला धरून बसलेल्या लंकाबाईला बघितलं, आणि उशी त्याच्या काखेतून खाली पडली.

“आक्का,” तो म्हणाला. “तू हितं कशी?”

“हितं म्हंजी? कुठं आसनार?”

त्यानं मागं वळून रस्त्याकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं.

“ब्राह्मणवाड्याच्या फाट्यावर बघितली ना तुला आत्ता. जुन्नरच्या एसटीत चढत व्हतीस. हातात पिशवी व्हती. हॉर्न मारला, काच खाली करून हाका मारल्या.”

“दुसरं कुनी आसंल रं.”

“न्हाई आक्का. तू बघितलंस की माझ्याकडं. खिडकीपाशी बसलीस, पदर सारखा केलास, मग बघितलंस.” त्याचा आवाज खाली खाली जात होता. “हसत व्हतीस. लहानपनानंतर तुला कधी आशी हसताना बघितली नव्हती, म्हनून मी गाडी आडवी घातली न्हाई. जाऊ दिली.”